ढोरांचा डॉक्टर आणि आपले साहित्य

यवतमाळ जिल्ह्यात पशुवैद्यकाला तीन नावे आहेत. सरकारी कागदावर तो ‘पशुधन विकास अधिकारी’ असतो, शहरातल्या पाटीवर ‘पेट क्लिनिक’चा डॉक्टर असतो आणि खेड्यात शिरला की ‘ढोरायचा डाक्टर’ होतो. यांतल्या शेवटच्या दोन नावांना मी गेली अनेक वर्षे ओ देत आलो आहे. दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात सकाळ ढोरांत जाते आणि संध्याकाळ कुत्र्या-मांजरांत. ‘ढोरायचा डाक्टर’ या नावात थोडी आपुलकी आहे आणि थोडा उपहासही. माणसांचा होता आले नाही म्हणून ढोरांचा झाला, असा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक जुना आहे. मेलेल्या जनावराला हात लावणाऱ्यांना ज्या समाजाने शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, त्या समाजाला शेणामुतात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या पदवीधराचे नेमके काय करावे हे अजूनही पुरते ठरवता आलेले नाही.

पण माझा मुद्दा प्रतिष्ठेचा नाही, साहित्याचा आहे. मराठी गद्यात जनावरे भरपूर आहेत. त्यांचा डॉक्टर मात्र जवळजवळ नाही. हा योगायोग नसून आपल्या पाहण्यातली एक उणीव आहे आणि तिची किंमत आज आपण मोजतो आहोत, असे मला वाटते.

आधी जनावरांकडे पाहू. ‘श्यामची आई’त मोरी गाय आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) नारबा नावाचा शेतगडी आहे आणि मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा आहे, ट्रॅक्टर येतो आणि हा गोतावळा विस्कटतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या आहेत. विलास मनोहरांच्या ‘नेगल’मध्ये हेमलकशाला प्रकाश आमटे यांच्या अंगणात वाढलेले वन्य प्राणी आहेत. चित्रपटांत २००८ या एकाच वर्षी ‘वळू’ आणि ‘टिंग्या’ आले. यांतली प्रत्येक कृती आपापल्या जागी महत्त्वाची आहे. परंतु त्यांत जनावर दिसते ते मालकाच्या, गड्याच्या, मुलाच्या, निरीक्षकाच्या किंवा पालकाच्या नजरेतून. वळूला पकडायला येतो तोही वन अधिकारी. जनावराकडे रुग्ण म्हणून पाहणारी नजर यांत मध्यवर्ती नाही. डॉ. विनया जंगले यांचे ‘मुक्या वेदना’ हे एका पशुवैद्यकाने स्वतः लिहिलेले पुस्तक अपवाद म्हणून सांगता येईल; पण अपवादावर परंपरा उभी राहत नाही.

रुग्ण म्हणून पाहण्याने असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फरक असा की रुग्णाचे प्रतीक करता येत नाही. बैल कष्टाचे प्रतीक असेल, गाय वात्सल्याचे असेल, कुत्रा इमानाचे असेल. पण पोट फुगलेला बैल समोर आडवा पडतो तेव्हा तो कशाचेच प्रतीक नसतो. त्याची डावी कूस ढोलासारखी ताणलेली असते, श्वास अडत असतो आणि पुढच्या काही मिनिटांत वायू बाहेर काढला नाही तर तो मरणार असतो. अशा वेळी उपमा सुचत नाहीत. त्याचे शरीर हे फक्त त्याचेच असते. जनावराचे हे स्वतःचे असणे आपल्या साहित्यात फार थोड्या वेळा आले आहे.

आपण जनावरांना ‘मुके’ म्हणतो. दयेच्या पोटी म्हणतो, पण म्हणतो चुकीचे. माझा सगळा व्यवसाय ती मुकी नाहीत या गृहीतावर उभा आहे. निरोगी गायीच्या डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप ठेवला की मिनिटाला साधारण एक-दोनदा दूरवर मेघ गडगडावेत तसा आवाज येतो. तो थांबला की काही बिनसले आहे. नाकपुडीवरचा ओलावा गेला, रवंथ थांबले, दात करकर वाजू लागले, मान वळवून गाय सारखी स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली, तर ती बोलतेच आहे. व्यालेली गाय मान एका बाजूला दुमडून बसते आणि तिचे कान गार लागतात, तेव्हा रक्तातले कॅल्शियम उतरले आहे हे तिने सांगितलेले असते. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की पुष्कळदा तासाभरात ती उठून उभी राहते. हे सगळे वाचावे लागते. बैल आणि गाय हे मुळात भक्ष्य होणारे प्राणी. कळपात दुखणे दाखवणारा आधी मारला जातो, म्हणून ती वेदना लपवतात. बैल खायचा थांबला असे घरधनी सांगतो तेव्हा बैलाचे दुखणे बहुधा दोन दिवस जुने असते.

आणि सांगणारा घरधनी हाही वाचण्याचाच विषय. ‘पाहा ना जी, खातच नाही,’ एवढेच तो म्हणतो. मग विचारावे लागते. चारा कोणता घातला? ज्वारीचे कोवळे कोंब खाल्ले का? फवारणी कधी केली? पंपाचे पाणी कुठे ओतले? या प्रश्नांच्या उत्तरांत जनावराच्या आजाराबरोबर त्या घराची सगळी परिस्थिती बाहेर येते. सरकी ढेप परवडेनाशी झाली आहे, कडबा विकत घेतलेला आहे, सालदार सोडून गेला आहे, मुलगा पुण्याला आहे. डॉक्टराने विचारलेले असते शेणाविषयी आणि त्याला कळते ते कर्जाविषयी. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर गेले, तेव्हा दूरदूरचे पत्रकार आणि अभ्यासक इथे आले. त्यांनी बँकांचे आकडे पाहिले, विधवांना प्रश्न विचारले आणि ते आवश्यकच होते. पण ज्याला कोठ्यात थेट प्रवेश असतो, जोडीतला एक बैल कोणत्या महिन्यात विकला गेला हे ज्याला ठाऊक असते, त्या माणसाला कोणी फारसे विचारले नाही. आमच्या भागात बैल विकणे ही घर ढासळू लागल्याची खूण असते, आणि बँकेच्या नोटिशीच्या पुष्कळ आधी ती दिसते.

२०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तो प्रसंग देशाच्या बातम्यांत आला. पशुवैद्यकाला ती लक्षणे नवी नव्हती. तोंडातून लाळ, आकुंचित बाहुल्या, अंगाला कंप, श्वासाची घरघर. फवारलेल्या धुऱ्यावर चरलेल्या शेळीत, औषधाच्या डब्यातले पाणी प्यायलेल्या गोऱ्ह्यात ती आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषावर उतारा म्हणून आम्ही वापरतो ते ॲट्रोपीन आणि माणसांच्या दवाखान्यात वापरतात तेही ॲट्रोपीनच. शेळीच्या शरीरात जे आधी घडले ते मजुराच्या शरीरात नंतर घडले. आमच्या नोंदवह्यांकडे कोणी पूर्वसूचना म्हणून पाहिले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण शेळीच्या मरणाला बातमीचे मोल नसते एवढे खरे.

माणूस आणि जनावर यांच्या शरीरांतला पडदा किती पातळ आहे हे या व्यवसायात रोज कळते. गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, ती घोगरे हंबरते. गावकरी म्हणतात, घशात काही अडकले. कोणी तरी धीट माणूस तिच्या तोंडात हात घालून पाहतो. अशी गाय पिसाळलेली असू शकते. तोंडात हात घालणाऱ्या त्या माणसाला, आणि त्याच्याबरोबर जबडा धरणाऱ्या चौघांनाही, त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला पाठवणे हा माझ्या कामाचा भाग आहे. कारण लक्षणे दिसू लागली की या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. गाय तर वाचत नाहीच. अशा वेळी पशुवैद्यक जनावराचा डॉक्टर राहत नाही, सगळ्या गावाचा होतो. जार अडकलेल्या म्हशीच्या गर्भाशयात हात घालणाऱ्याला ब्रुसेलोसिसचा ताप महिनोन्‌महिने पिडू शकतो, हेही त्याला माहीत असते. माहीत असून हात घालावा लागतो.

आता संध्याकाळच्या दवाखान्याकडे वळू. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी कुत्रा घेऊन कोणी दवाखान्यात आला तर लोक थांबून पाहत. आज तिथे लॅब्रॅडॉर येतो, जर्मन शेफर्ड येतो, पर्शियन मांजर येते. पारा ४४ अंशांच्या वर जाणाऱ्या या जिल्ह्यात हिमप्रदेशातला हस्कीदेखील येतो. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग घरोघर नेला. पगचे नाक चपटे, श्वासमार्ग आखूड. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो प्रामुख्याने धापा टाकून अंग गार करतो आणि पगला नेमके तेच नीट जमत नाही. वैशाखात असा कुत्रा तापून दवाखान्यात येतो तेव्हा त्याचा आजार हवामानाचा नसतो, आपल्या हौशीचा असतो. पाळण्यात प्रेम असते हे मान्य, पण प्रेम हे ज्ञानाला पर्याय नव्हे.

तरीही या नव्या पाळण्याची टिंगल करणाऱ्यांत मला जायचे नाही. एकट्या निवृत्त शिक्षकाच्या घरातले मांजर हे त्या घरातले बोलण्याचे एकमेव माणूस असू शकते. शिवाय जे बदलते आहे ते मोठे आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार, २०१२ पासूनच्या सात वर्षांत देशातल्या गोवंशातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे बैल जातो आहे. डवरणीला छोटा ट्रॅक्टर आला, बंडीच्या जागी मालवाहू रिक्षा आली. बैल जातो आहे आणि कुत्रा येतो आहे. आणि पशुवैद्यक या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

इंग्लंडमध्ये हे स्थित्यंतर आपल्या आधी झाले आणि तिथे ते एका पशुवैद्यकानेच लिहून ठेवले. जेम्स आल्फ्रेड वाइट हा यॉर्कशरमधल्या थर्स्क या गावी १९४० पासून काम करीत होता. त्याने ‘जेम्स हेरियट’ या टोपणनावाने १९७० पासून पुस्तके लिहिली आणि १९७२ साली आलेल्या ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ने त्याला जगभर वाचक मिळवून दिले. आपल्याकडे ती हलकीफुलकी, सुखद पुस्तके म्हणून वाचली जातात. ती तशी आहेतही. पण शेतीतले कामाचे घोडे संपत आले आणि दवाखान्यात कुत्री-मांजरे वाढू लागली, त्या काळाचा तो एक दस्तऐवजही आहे. त्या गोठ्यांतली थंडी, शेतकऱ्यांचा कंजूषपणा, त्यांची भाषा, त्यांचे न बोललेले दुःख, सगळे त्यात आहे. मराठीत ‘गोतावळा’ने हे स्थित्यंतर गड्याच्या बाजूने लिहिले. डॉक्टराच्या बाजूने ते लिहिले गेले नाही.

लिहिले असते तर एक प्रश्न टाळता आला नसता. तो प्रश्न म्हणजे म्हातारा बैल. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होती. बैलासाठी मात्र तो कामाला किंवा पैदाशीला उपयोगी राहिलेला नाही अशा सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्याची अट होती. म्हणजे बैलाच्या मरणावर पशुवैद्यकाची सही होती. २०१५ साली दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. ‘टिंग्या’त बाप जखमी बैल कसायाला विकायला निघतो आणि पोराचे काळीज फाटते. आज तसा चित्रपट काढायचा तर कथा बदलावी लागेल. कारण बापाला तो रस्ताच उरलेला नाही. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. मी फक्त जे दिसते ते सांगतो. विकता न येणारा, कामाला न येणारा बैल वर्षानुवर्षे पोसणे दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला झेपत नाही. काही जण अर्धपोटी राहून पोसतात. अशी घरे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे मान आपोआप खाली जाते. काही जण रात्री दोर सोडून देतात. सोडलेला बैल पुढे रस्त्यावर, उकिरड्यावर, प्लॅस्टिक खाताना, कोणाच्या तरी पऱ्हाटीत मार खाताना भेटतो.

आणि जो उठूच शकत नाही, त्याचे काय? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने असाध्य वेदनेतल्या जनावराला शांत मरण देण्याची वाट ठेवली आहे. संध्याकाळच्या दवाखान्यात ही वाट उघडी असते. कर्करोगाने पोखरलेल्या कुत्र्याच्या मालकाला मी हा पर्याय सांगतो. तो रडतो, दोन दिवस मागतो, परत येतो, आणि कुत्रा त्याच्या मांडीवर डोके ठेवून जातो. सकाळच्या कामात मात्र हे जवळजवळ अशक्य असते. कंबर मोडलेल्या बैलासाठी हाच शब्द काढला की घरातली म्हातारी कानांवर हात ठेवते. ते पाप आहे. मग बैल दहा-पंधरा दिवस एका कुशीवर पडून राहतो, कातडीला जखमा होतात, त्यांत अळ्या पडतात. आम्ही जखमा धुतो, खाली तणस अंथरायला सांगतो, कूस बदलायला सांगतो, वेदनाशामक देतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याचे खांदे हळद-तुपाने शेकले, ज्याला उद्या जेवायला या असे आवतण दिले, त्या बैलाला आपण कुत्र्याला मिळते तेवढे सोपे मरणही देऊ शकत नाही. यात क्रौर्य नाही, हे मी पुनःपुन्हा सांगेन. यात अतोनात प्रेम आहे. पण मरणाविषयी बोलण्याची भाषा त्या प्रेमाजवळ नाही. ती भाषा साहित्याने द्यायची असते. आपल्या साहित्याने बैलाला देवत्व दिले, गौरव दिला, शोकही दिला. त्याच्या अखेरच्या पंधरवड्याविषयी ते गप्प राहिले.

डॉक्टराच्या औषधाचा हिशेब जनावरापाशी संपत नाही, हेही एकदा लिहिले जायला हवे. डायक्लोफेनॅक हे स्वस्त, गुणकारी वेदनाशामक एके काळी ढोरांना सर्रास टोचले जाई. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. भारतातली गिधाडे काही वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. दुखणे कमी करण्यासाठी दिलेल्या सुईतून आकाश रिकामे झाले. एवढे मोठे कथानक आपल्या कोठ्यातून जन्माला आले.

घराविषयी थोडे. पशुवैद्यकाच्या घरी जनावरे असतातच, आणि ती बहुधा निवडलेली नसतात. फाटकाशी खोक्यात ठेवून दिलेली पिल्ले असतात, बरे झाल्यावर कोणी न्यायला न आलेले मांजर असते, तीन पायांची कुत्री असते. ‘तुमच्या घरी काय, चालतेच,’ असे म्हणून लोक ठेवून जातात. दिवसभर दहा प्रकारच्या ढोरांचा वास घेऊन आलेल्या माणसाला घरची कुत्री दारातच नखशिखांत हुंगते. माझ्या दिवसाची ती सर्वांत बारकाईने चौकशी करणारी व्यक्ती आहे. दवाखान्यात अंतर राखून निर्णय घेणारा डॉक्टर घरच्या म्हाताऱ्या कुत्रीपुढे तसा राहू शकत नाही. तिच्यासाठी मित्र-डॉक्टरला बोलवावे लागते. यात दुबळेपणा आहे असे मला वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरातली म्हातारी कानांवर हात का ठेवते, ते या घरामुळे समजते. ज्याच्या घरी जनावर नाही त्याने जनावराच्या मरणाविषयी सल्ला देऊ नये, असे माझे मत झाले आहे.

शेवटी एक घाईची गोष्ट. बुळकांडी हा रोग एके काळी गावेच्या गावे रिकामी करीत असे. भारतात १९५४ साली त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर देशात हा रोग आढळला नाही आणि २०११ मध्ये जगातून तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. ते काम बर्फाच्या पेटीत लस घालून सायकलने, बंडीने, पायी पांदणींतून हिंडलेल्या पशुवैद्यकांनी आणि पर्यवेक्षकांनी केले. त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते आता ऐंशीच्या आगेमागे आहेत. नागपूरच्या, मुंबईच्या, परभणीच्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या आणि विदर्भ-मराठवाड्यात निवृत्त झालेल्या या माणसांकडे जुन्या डायऱ्या आहेत, नोंदवह्या आहेत आणि त्याहून अधिक आठवणी आहेत. लसीची सुई म्हणजे करणी असे समजून काठ्या घेऊन उभी राहिलेली गावे त्यांना आठवतात. तांड्यावरचे नाईक आठवतात, ज्यांनी सगळ्यांच्या आधी स्वतःची जोडी पुढे केली.

आपल्या नियतकालिकांनी आणि प्रकाशकांनी या लोकांकडे जावे. शैली मागू नये, ललितपणा मागू नये, दिवस मागावेत. कोणत्या गावी गेलात, काय दिसले, कोण काय म्हणाले, जनावर जगले की मेले, किती पैसे मिळाले. एवढे लिहिले तरी पुरे आहे. पन्नास वर्षांनी यवतमाळचा शेतकरी आपल्या बैलाशी कसा वागत होता हे कोणाला जाणून घ्यायचे झाले, तर पोळ्याच्या वर्णनांतून त्याला सणाचा एक दिवस कळेल. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची माहिती ढोरांच्या डॉक्टराकडे आहे.